पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

संगणकाच्या बिघाडांमध्ये सगळ्यात अपमानकारक बिघाड कोणता, असं मला कुणी विचारलं, तर मी हार्ड डिस्क उडणं म्हणणार नाही, व्हायरसही म्हणणार नाही. हार्ड डिस्क गेली की निदान सगळे हळहळतात. व्हायरस आला की सगळे मिळून त्या व्हायरसला शिव्या घालतात. पण स्क्रीनवर आपलं नाव दिसतंय, पासवर्ड बरोबर टाकलाय, एंटर दाबलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा तीच लॉगिन स्क्रीन... ना चूक सांगितली, ना कारण. इथे शिव्या खातो तो समोर बसलेला माणूस. "तू काहीतरी केलं असशील" हे वाक्य हमखास येतं, आणि त्यावर त्या माणसाकडे काहीच उत्तर नसतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत याला 'लॉगिन लूप' म्हणतात. लिनक्सवर तो जुना पाहुणा आहे. विंडोजवर त्याचा चुलतभाऊ भेटतो : 'यूजर प्रोफाइल लोड करता आलं नाही' असा निरोप, किंवा त्याहून घाबरवणारं म्हणजे लॉगिन होतं, पण डेस्कटॉप कोरा करकरीत. सगळ्या फाइल्स गायब! (त्या गायब नसतात. विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये बसवलेलं असतं, तुमचं खरं प्रोफाइल बहुतेक वेळा डिस्कवर तसंच असतं. पण हे ज्याला माहीत नाही त्याचा जीव तेवढ्यात वरखाली होतो.)

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसांत आठ-दहा वर्षांचे पीसी सर्रास असतात आणि त्यातल्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. मग कुणीतरी सांगतं, "लिनक्स टाका, फुकट आहे, चालतं मस्त." खरंच मस्त चालतं. अडचण येते ती जुना डेटा नव्या घरात हलवताना.

असंच एक प्रकरण मी जवळून बघितलं. भोसरीतलं छोटं युनिट, ऑफिसात एकच पीसी. दुपारी कुणीतरी नवीन लिनक्स टाकून, जुन्या डिस्कवरचा सगळा डेटा कॉपी करून गेला होता. संध्याकाळी डिस्पॅचची वेळ झाली. टेम्पो गेटवर उभा, माल नाशिकला जायचा, किंमत लाखाच्या वर. म्हणजे ई-वे बिल हवंच, कारण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरच्या मालाला ते २०१८ पासून लागतं. ई-वे बिल मोबाइलवरूनही काढता येईल हो, पण त्याला आधी टॅक्स इनव्हॉइस हवं आणि ते त्या पीसीत. ऑपरेटर ताई पासवर्ड टाकतायत, स्क्रीन काळी, परत लॉगिन. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेठ मागे उभे : "काय केलंस गं नेमकं?" "काही नाही सर, रोजचाच पासवर्ड टाकला." "मग असं कसं होईल?"

असं कसं होईल ते सांगतो.

चाकणच्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर काय होतं बघा. सिक्युरिटीवाला आधी तुमचं ओळखपत्र बघतो. ते बरोबर असेल तर गेटपास बनवतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि मग आत सोडतो. लॉगिन स्क्रीनही तेच करते. पासवर्ड म्हणजे ओळखपत्र. तो जुळला की तुमच्या नावाने एक गेटपास बनतो. लिनक्सच्या जुन्या एक्स-विंडो पद्धतीत हा गेटपास म्हणजे १२८ बिटांचा एक यादृच्छिक आकडा. तो बहुधा तुमच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट-एक्सऑथॉरिटी' नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये लिहिला जातो. आता समजा, होम फोल्डर नावाने तुमचा, पण त्याची मालकी दुसऱ्याच्या नावावर आहे. तर तुमच्या नावाने तिथे काही लिहिताच येणार नाही. ओळख पटली, पण गेटपास बनला नाही. डेस्कटॉप सुरू व्हायला जातो, पास सापडत नाही म्हणून मरतो आणि तुम्ही पुन्हा गेटबाहेर.

त्या वर्कशॉपमध्ये हेच झालं होतं. डेटा कॉपी करणाऱ्याने 'सुडो' वापरून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, सगळं होम फोल्डर आणून ठेवलं. रूटने आणलं म्हणून मालक रूट. घर ताईंचं, सातबारा रूटच्या नावावर. :) दुरुस्ती काय? कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या टेक्स्ट स्क्रीनवर जायचं, तिथे नाव-पासवर्ड टाकायचा (तिथे गेटपास लागत नाही, म्हणून लॉगिन होतं), होम फोल्डर कुणाच्या मालकीचं आहे ते बघायचं आणि 'सीएचओन' आज्ञेने मालकी परत मूळ नावावर करायची. एका ओळीचं काम. टेम्पो गेला. ताईंना मात्र "बघ, सरांनी दोन मिनिटात केलं" हे ऐकावं लागलंच. म्हणजे बिघाड दुसऱ्याने केला, दुरुस्त तिसऱ्याने केला आणि बोलणी बसली मधल्या माणसाला.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. कारण काय आहे हे त्या संगणकाला पहिल्या सेकंदापासून माहीत असतं. कुठली फाइल उघडायला गेलो, कुणाच्या नावाने गेलो, कशामुळे नकार मिळाला, हे सगळं सिस्टिमच्या लॉगमध्ये उमटतं. विंडोजवर ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतं. फक्त ज्याचं काम अडलंय त्याला ते सांगितलं जात नाही. यातला विनोद असा की कित्येक लिनक्स डेस्कटॉपवर सेशनच्या चुका जिथे लिहिल्या जातात ती फाइलही त्याच होम फोल्डरमध्ये असते. घरात शिरता येत नाही ही तक्रार घरातल्या वहीत लिहा, असा प्रकार!

आता यावर सुरक्षावाले लोक म्हणतील, लॉगिन स्क्रीनवर फार माहिती द्यायची नसते, चोराला मदत होते. मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. पासवर्ड चुकला असेल तेव्हा 'नाव चुकलं' की 'पासवर्ड चुकला' हे सांगू नये, मान्य. पण पासवर्ड जुळल्यावर काय? समोर कोण आहे हे तुम्हाला कळलंय. त्याच्याच घराबद्दल त्याला सांगण्यात कसली आलीय गुप्तता? त्यानंतरची शांतता सुरक्षिततेसाठी नसते. ती फक्त कुणीतरी संदेश लिहायचा कंटाळा केलाय म्हणून असते. मी स्वतः याच धंद्यात आहे, आणि चुकांचे संदेश सगळ्यात शेवटी, रिलीजच्या आदल्या रात्री लिहिले जातात हे मी रोज बघतो.

संदेश दिला तरी कसा दिला हेही बघायला हवं. साधारण २००६ ते २००९ च्या काळात ज्यांनी उबुंटू वापरलंय त्यांना लॉगिनच्या वेळी येणारा एक निरोप आठवत असेल. त्याचा आशय असा : होममधल्या 'डॉट-डीएमआरसी' फाइलकडे दुर्लक्ष केलं जात आहे, तिची मालकी वापरणाऱ्याची असावी, परवानगी ६४४ असावी आणि होम फोल्डर इतरांना लिहिण्यासाठी खुलं नसावं. वाचून बघा, यात एकही शब्द खोटा नाही. कारण आणि उपाय दोन्ही सांगितलेत. पण ६४४ म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाला हा निरोप लागतच नाही, आणि ज्याला लागतो त्याला ६४४ म्हणजे बसचा नंबर वाटतो.

(६४४ चं कोडं फार अवघड नाही. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी जगाचा. म्हणजे ६४४ : मालकाने वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी फक्त वाचावं. झालं.)

या निरोपाची गंमत अजून पुढे आहे. तो बहुतेकांना का यायचा? तर कुठेतरी काहीतरी अडलं म्हणून कुणीतरी '७७७ करून टाक' असा सल्ला दिलेला असायचा. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. वरवर वाटतं, सगळी दारं सताड उघडली की कुणी अडायचंच नाही. पण लॉगिन करवणारा प्रोग्राम बघतो की या घरात कुणीही येऊन काहीही लिहू शकतं, मग इथल्या फाइलींवर मी विश्वास का ठेवू? आणि तो अडतो. सगळं उघडं टाकल्यामुळे दार बंद!

विंडोजच्या दुनियेत ७७७ चं नाव आहे 'एव्हरीवन - फुल कंट्रोल'. शेअर्ड फोल्डर उघडत नाही? एव्हरीवन, फुल कंट्रोल. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर चालत नाही? सगळ्यांना ॲडमिन करा. काम होतं, हो. हार्डवेअरवाला दोनशे-पाचशे घेऊन जातो, सगळे खूश. किंमत कुठे मोजावी लागते ते नंतर कळतं. रॅन्समवेअर संगणकात शिरलं की ज्या खात्यात ते चालतंय त्या खात्याला जिथे जिथे लिहिता येतं तेवढ्या सगळ्या फाइल्स ते कुलूपबंद करतं. तुम्ही एव्हरीवनला फुल कंट्रोल दिलेलं असेल तर एव्हरीवनमध्ये तेही आलंच की.

हे फक्त पुस्तकातलं भय नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' जगभर पसरला तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातल्या, मेर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सतर्फे चालवल्या जाणाऱ्या कंटेनर टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. चाकणचा निर्यातीचा माल ज्या बंदरातून जातो तेच हे बंदर. नॉटपेट्या विंडोजमधल्या एका दोषातून पसरायचाच. शिवाय सापडलेल्या संगणकाच्या मेमरीतून ॲडमिनची लॉगिन माहिती उचलायचा आणि ती घेऊन शेजारच्या संगणकांत रीतसर शिरायचा. म्हणजे साध्या टेबलावरच्या पीसीवर ॲडमिनने लॉगिन केलेलं असणं, ही त्याच्या दृष्टीने मेजवानीच. 'करून टाक ॲडमिन, कटकट नको' या वाक्याचं बिल कधीकधी एवढं मोठं येतं.

तेव्हा परवानग्या नकोतच, असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट या पट्ट्यातल्या ऑफिसांना त्यांची जास्त गरज आहे. युनिक्सची ही मालक-गट-इतर पद्धत १९७० च्या दशकातली. तेव्हा एकच मशीन आणि वापरणारे अनेक, अशी स्थिती होती. घरी आता प्रत्येकाचा लॅपटॉप वेगळा, म्हणून ती पद्धत जुनाट वाटते. पण वर्कशॉपचं ऑफिस बघा : पीसी एक, सकाळी स्टोअरवाले, दुपारी अकाउंटवाले, सेकंड शिफ्टला डिस्पॅच. त्या पद्धतीला अगदी साजेशी स्थिती! आणि तिथेच आपण सगळ्यांना मिळून एक 'ॲडमिन' खातं देतो आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवतो.

खरं तर हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. दुकानं-ऑफिसं सोडून शॉप फ्लोअरवर जा. मशीन दुरुस्तीला घेतलं की फिटर मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि त्यावर टॅग अडकवतो : नाव, तारीख, काम काय. याला 'लॉकआउट-टॅगआउट' म्हणतात, अमेरिकेत तर १९८९ पासून तसा नियमच आहे. चावी फक्त त्याच्याकडे. तीन जण काम करत असतील तर तीन कुलपं. कुणी असं म्हणत नाही की कटकट नको, सगळ्यांना मास्टर की देऊन टाका. आणि कुलूप दिसलं म्हणून कुणी ऑपरेटरला "तू काय केलंस?" असंही विचारत नाही, कारण कुलूप कुणाचं आणि का, हे टॅगवर लिहिलेलं आहे. लाइन थांबली की वर दिवा लागतो, कुठल्या स्टेशनवर अडलंय ते लांबूनही दिसतं. टोयोटाकडून आलेला हा 'अँडॉन' आपल्याकडच्या वाहन कारखान्यांत सगळ्यांच्या परिचयाचा आहे. कुलूप हवंच, पण टॅगसकट हवं. लॉगिन स्क्रीनकडून माझी एवढीच अपेक्षा आहे.

तो टॅग मराठीत असावा, हेही ओघाने आलं. गनोम, केडीई, विंडोज, सगळ्यांना मराठी चेहरा आहे, आणि त्यामागे आपल्याच अनेक लोकांचे कष्ट आहेत, त्यांना सलाम. पण 'परवानगी नाकारली' एवढं मराठीत वाचून करायचं काय? कुणी नाकारली? कशाची? हे म्हणजे 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे' या सरकारी वाक्यासारखं झालं. कर्ता गायब! त्याऐवजी समजा असं आलं : 'तुमचा पासवर्ड बरोबर आहे. पण तुमच्या फोल्डरची मालकी दुसऱ्या खात्याकडे गेली आहे, म्हणून डेस्कटॉप सुरू करता येत नाही. तुमच्या फाइल्सना आम्ही हात लावलेला नाही. संगणक सांभाळणाऱ्या व्यक्तीला हा निरोप दाखवा.' पहिलं वाक्य नीट बघा. तुमचा पासवर्ड बरोबर आहे. एवढं एक वाक्य असतं, तर "काय केलंस गं?" हा प्रश्नच उठला नसता.

मनात आणलं तर कारणच मुळातून काढता येतं. लिनक्सवर सुडो वापरून एखादा खिडकीवाला प्रोग्राम उघडला की त्याच्या फाइल्स तुमच्या होममध्ये रूटच्या मालकीने बनायच्या, आणि पुढच्या लॉगिनला लूप. वर्षानुवर्षं लोकांना 'तसं करू नका' म्हणून बजावलं, लोक करतच राहिले. २०१९ साली उबुंटूने १९.१० आवृत्तीपासून सुडोचं वागणं बदललं. आता ते रूटचंच होम फोल्डर धरतं, त्यामुळे तुमच्या घरात घाण होण्याचा तो रस्ता बराचसा बंद झाला. वापरणाऱ्याला अक्कल शिकवून जे जमलं नाही ते एका बदललेल्या डीफॉल्टने झालं. शॉप फ्लोअरच्या भाषेत पोका-योके!

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या घरी, आईबाबांच्या पीसीवर किंवा काकांच्या वर्कशॉपमध्ये हा प्रसंग आला, तर फॉरमॅट मारायच्या आधी चार गोष्टी बघा.

पहिली, पासवर्ड चुकीचा असल्याचं सांगतंय, की काही न बोलता परत येतंय? सांगत असेल तर कॅप्स लॉक आणि कीबोर्डची भाषा बघा. मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिलेलं असतं आणि ठिपक्यांमागे काय टाइप होतंय ते दिसत नाही. न बोलता परत येत असेल, तर पासवर्डवर संशय घेणं सोडा.

दुसरी, त्याच मशीनवर दुसऱ्या खात्याने लॉगिन होतंय का? होत असेल तर मशीन ठीक आहे, अडचण एका घरापुरती आहे.

तिसरी, डिस्क भरलीय का? जागाच नसेल तरी गेटपास लिहिता येत नाही आणि लक्षणं अगदी हीच दिसतात.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची : शेवटचा बदल कुणी, काय केला? डेटा कॉपी, प्रिंटर, अपडेट, की मध्येच गेलेली लाइट? हा प्रश्न आरोप करायला नाही, माग काढायला विचारायचा. ताईंना विचारायचा तो असा.

आणि जो दुरुस्त करणार आहे त्याला, म्हणजे बहुतेक वेळा आपल्यालाच, दोन नियम. ७७७ आणि एव्हरीवन औषध म्हणून द्यायचं नाही. ज्याचं घर त्याच्या नावावर करायचं आणि थांबायचं. दुसरं, जाताना झालं काय होतं ते त्या माणसाच्या मालकासमोर, मोठ्याने, साध्या मराठीत सांगायचं. "यांची काही चूक नव्हती" या शब्दांसकट. दुरुस्ती दोन मिनिटांची असते, पण हे सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

असो. एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी असते. त्या दिवशी अर्धा तास काढून ऑफिसच्या पीसीवर प्रत्येकाचं वेगळं खातं करा, ॲडमिनचं खातं एकाकडेच ठेवा, आणि मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी असेल ती काढून तिथे दुसरी लावा : ॲडमिन कोण, फोन नंबर, शेवटचा बदल कधी आणि कुणी केला. फिटरला जमतं ते आपल्याला जमायला हरकत नाही.